कांद्याची पिशवी आणि देवयानी

मालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गच्चीवर उभे होते आणि दोन्ही हातांनी एक कापडी पिशवी डोळ्यांपुढे धरून आकाशाकडे बघत होते. मान मागे, कोपरं छातीला टेकलेली, पिशवी नाकाला चिकटलेली. सूर्य नुकताच मावळला होता. लोणंद स्टेशनात एखादी मालगाडी थांबत असावी, डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. मी बँकेत बदली होऊन आलेला, भाड्याची खोली शोधत हिंडणारा माणूस. खाली त्यांच्या बायकोने, काकींनी, “वर हायत, जावा,” एवढंच सांगून मला जिन्याला लावलं होतं.

“खोली बघायला आलोय,” मी म्हणालो.

“दम धरा. उजेड येतोय,” पिशवीमागून आवाज आला.

उजेड येत नव्हता, चांगला जात होता. पण मी दम धरला. हळूहळू त्यांचे हात थरथरायला लागले, तशी त्यांनी पिशवी कठड्यावर ठेवली आणि दंड चोळले. पिशवीत कांदे होते.

“किलोभर हायत,” ते म्हणाले. “दुर्बीण घ्यायचीय. तारं बघायला. आपल्या हाताला वजन किती पेलतंय हे आधी कळाय पायजे का नको?”

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि हो म्हणावं असंही नव्हतं. माझं घर सांगलीला, मी शनिवारी पळणारा. आठवड्यात झोपायला छप्पर मिळालं की झालं, अशा विचाराने मी खोली घेतली. घरमालक जरा सरकलेला आहे, हे त्या रात्री बायकोला फोनवर मोठ्या आनंदाने सांगितलंसुद्धा.

घराच्या खालच्या अंगाला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मागे रंगवलेला तलाव, तलावात हंस, हंसाचा रंग उडालेला. एके काळी आसपासच्या गावांतली लग्नं मालकांशिवाय लागायची नाहीत. आता मोबाइलमुळे पासपोर्ट फोटोपुरता धंदा उरला होता. तरी त्या फोटोलाही ते गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून ठेवायचे, दिवा लावायचे आणि म्हणायचे, “दम धरा, उजेड येतोय.” जुने दिवे सावकाश पेटायचे तेव्हाचं ते वाक्य. दिवे गेले, वाक्य राहिलं. पुढे ते कुठेही चालायला लागलं. बँकेत आमचा संगणक अडकला की काउंटरवरच्या सगळ्यांना तेच धीर द्यायचे, “दम धरा, उजेड येतोय.” आमचे शाखाधिकारी त्यावर फार चिडायचे.

त्यांची आणखी एक खोड होती. बोलताना ते तुमच्याकडे बघायचे नाहीत. तुमच्या कानामागे कुठेतरी बघायचे. मी सुरुवातीला मागे वळून वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. बँकेतल्या कॅशियरबाईंचं ठाम मत होतं की हा माणूस शिष्ट आहे, समोरच्याला मोजत नाही. मला शिष्टपणा वाटला नाही, पण अस्वस्थ वाटायचं. आपल्या खांद्यावर पाल बसली आहे आणि ती सांगावी की नाही अशा विचारात समोरचा आहे, असं काहीतरी.

दुर्बीण कशाला, सरळ टेलिस्कोप घ्या ना, असं मी एकदा म्हणालो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सल्ला द्यायला कळावं लागतं असं थोडंच आहे.

“टेलिस्कोपला एक डोळा लागतोय,” ते म्हणाले. “आवं साहेब, जलमभर मी डावा डोळा मिटून बघितलं. नवरा बघितला, नवरी बघितली, बारशातली पोरं बघितली, समदं उजव्यानं. डावा बिचारा बिनपगारी बसून हाय. आता दोन्ही डोळं उघडं ठेवून बघायचंय.”

मग त्यांनी मला दुर्बिणीवरच्या आकड्यांचं गणित सांगितलं. दहा बाय पन्नास असं लिहिलेलं असतं. दहा म्हणजे वस्तू तितक्या पट मोठी दिसते, पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पन्नासला दहाने भागलं की पाच. तेवढ्या जाडीची उजेडाची धार डोळ्यात येते. “तरन्या मानसाची बाहुली अंधारात सात उघडती. आपल्या वयाला पाचच. मंग सात बाय पन्नास घेऊन काय करू? उरल्याला उजेड गालावर सांडनार.” हे सांगताना त्यांनी गाल असा पुसला, जणू खरंच थोडा सांडला होता.

तरीही त्यांचं मन अडकलं होतं ते वीस बाय ऐंशीवर. भलीमोठी, नळकांडी जोडल्यासारखी दुर्बीण. तिच्या फोटोकडे ते मोबाइल तिरका धरून बघत बसायचे. तिच्यासाठीच कांद्यांची पिशवी दोन किलोंची केली होती. आणि आश्चर्य म्हणजे दिवसेंदिवस त्यांचे हात जास्त वेळ टिकायला लागले. गच्चीवरून उतरताना चेहऱ्यावर तालमीतून आलेल्या पैलवानाचं तेज असायचं. “पेलतंय! हात तयार झाल्यात!” असं त्यांनी जाहीर केलं आणि ती मोठी दुर्बीण ऑनलाइन मागवली.

ती आली. मालकांनी उचलून डोळ्यांना लावली आणि लगेच खाली घेतली. पुन्हा लावली. हात लटलट कापायला लागले. “एकेक चांदनी नाचाय लागलीया,” ते हिरमुसून म्हणाले. “कांदं तर पेलत हुतं की मला!”

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग खरं काय ते बाहेर आलं. पिशवी जिन्यात खिळ्याला अडकवलेली असायची, आणि काकी रोज सकाळी कालवणाला तिच्यातलाच कांदा घ्यायच्या. “घरात कांदं असताना बाजारातनं कशाला आनू?” त्यांनी विचारलं. शिवाय लोणंदच्या कांदाबाजारात जन्म काढलेल्या माणसाला हे सांगायला नको होतं की ठेवलेला कांदा सुकतो, वजनाला घटतो. मालकांचे हात तयार झालेच नव्हते. पिशवीच रोड झाली होती.

“मी म्हटलं, ह्यास्नी कळत आसंल,” काकी म्हणाल्या. “पिशवीत बघायला काय डोळं न्हाईत का?”

मालक हसले, पण जरा उशिरा हसले. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी ते तिथेच सोडून दिलं.

त्या दुर्बिणीची परत पाठवणी झाली आणि मग एकामागून एक दुर्बिणी येऊ लागल्या. मालकांनी शोधून काढलं होतं की पसंत नसेल तर वस्तू परत करायची मुदत असते. पण तारे बघायचे तर अंधार हवा, चंद्र नको. चंद्राचा त्यांना भयंकर राग. “सगळं फिकं करून टाकतोय,” म्हणायचे. म्हणून ते कॅलेंडर बघून अशा बेताने मागवायचे की डबा बरोबर अमावास्येला घरी यावा. यावर काकींचा मोठा आक्षेप. नवी वस्तू, आणि अमावास्येला घरात? कुणी ऐकलं तरी काय म्हणेल? बरीच धुसफूस झाल्यावर तोडगा काकींनीच काढला. अमावास्येला आलेली दुर्बीण विकत घेतलेली नाही. ती नुसती बघायला आणली आहे. दाखवायला आणलेल्या मुलीसारखी. तिला हळदकुंकू नाही, देवापुढे ठेवणं नाही. पसंत पडली तर पुढचं पुढे.

झालं, दर महिन्याला आमच्या गच्चीवर बघण्याचा कार्यक्रम व्हायला लागला. एकीची भिंगं लालभडक होती. “ही नटून आलीया,” म्हणत मालकांनी ती डोळ्यांना न लावताच बाजूला ठेवली; लाल भिंग उजेड खातं, असं त्यांचं म्हणणं. दुसरी हातभर लांब धरून त्यांनी तिच्या मागच्या काचांतली उजेडाची वर्तुळं मला बघायला लावली. “गोल हायत का कडा कापल्यात?” कडा कापलेल्या होत्या. म्हणजे आतली काच हलकी. नाकारली. तिसरी सगळ्या परीक्षांत पास झाली. मालक खूश. तेवढ्यात काकी वाळवण काढायला वर आल्या, त्यांनी सहज डोळ्यांना लावली आणि म्हणाल्या, “हे काय? मला एका चांदनीच्या दोन दिसत्यात.”

दोन्ही नळ्यांची तोंडं एका रेषेत नव्हती. मीही बघितलं, मलाही दोन दिसल्या. मालकांनी पुन्हा बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि खाली ठेवली. “मला न्हाई कळलं,” ते म्हणाले.

कुरियरवाला परतीचा डबा न्यायला आला की काकी त्याला चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, “घिऊन जा बाबा. आमच्याकडं पसंती लय अवघड हाय.”

त्यानंतरच्याच एका शनिवारी मी सांगलीला निघालो तेव्हा मालक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी फाटकाशी उभे. “मिरजंला काम हाय. तुमच्याबरुबर येतो.” गाडीत ते खिडकीजवळ बसले. सालप्याचा घाट आला तसे म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, काकींना सांगितलेलं नाही.

मी सांगलीला न उतरता त्यांच्याबरोबर मिरजेला गेलो. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे चौकटी-चौकटींचा एक कागद धरला, मधोमध टिंब होतं. त्या टिंबाकडे बघा आणि काय दिसतं सांगा, म्हणाले. मालकांनी एकेका डोळ्याने पाहिलं. “चौकटी दिसत्यात,” ते म्हणाले. “कडंच्या. मधी धूर हाय.”

डॉक्टर माणूस चांगला होता, घाईत नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. दोन्ही डोळ्यांत. इंजेक्शनं देता येतील अशातला हा प्रकार नाही. पूर्ण अंधार होणार नाही, पण समोरचं हळूहळू जाईल. वाचन जाईल, चेहरे जातील. कडेचं राहील.

परतीच्या गाडीतही मी त्यांच्याबरोबरच बसलो. घरी बायको जेवायला थांबली होती, तरी बसलो. या माणसाने उभा जन्म माणसांचे चेहरे बघण्यात घालवला आणि त्याचे नेमके चेहरेच जाणार, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं. शेवटी मी म्हणालो, “मालक, मग ही दुर्बीण आता…”

“म्हनूनच तर दुर्बीण!” ते एकदम म्हणाले. माझ्या कानामागे बघत म्हणाले, आणि त्या क्षणी मला ती खोड कळली. ते माझा चेहरा बघण्यासाठीच कानामागे बघत होते. कधीपासून कोण जाणे.

“मला आधीच कळलं हुतं,” ते सांगू लागले. “एका लग्नात नवरीचं नाकच दिसंना. नथ दिसती, कान दिसत्यात, मधी काय न्हाई. मंग मी लग्नं घ्यायची सोडली. लोकांना वाटलं, मोबाइलमुळं. मंग कवातरी वाचलं, मोबाइल तिरका धरून, की जे लय फिकं असतंय, लांबचं ढगासारखं, ते सरळ बघितलं तर दिसतच न्हाई. कुनालाच. जरा बाजूला बघायचं, मंग कडंला हळूच उगवतंय. डोळ्याची कड अंधाराला तेज असती. म्हंजे बघा साहेब, समद्या जगात ह्या एकाच कामात मधल्या डोळ्याची गरज न्हाई. मी म्हटलं, हितं आपला नंबर लागतोय.”

“आणि नाही दिसलं तर?”

“तर मंग उरलंच काय बघायला?” ते म्हणाले. गाडी कऱ्हाड सोडून निघाली होती. बाहेर उसाच्या शेतांवर धुरकट संध्याकाळ उतरत होती आणि ते खिडकीच्या गजांकडे तोंड करून त्या धुरात काहीतरी बघत होते.

काकींना त्यांनी त्याच रात्री सांगितलं. सकाळी काकींचे डोळे सुजलेले होते आणि त्या मला म्हणाल्या, “साहेब, आता कुटली दुर्बीण आनायची ते मला इचारा. दोन चांदन्या मलाच दिसल्या हुत्या.”

यानंतरची निवड काकींनी केली. मोठीचा विषय संपला. हातात न कापणारी हवी, म्हणजे हलकी. आणि मालकांचा डोळा मधे धरून बघणारा नाही, इकडे तिकडे फिरणारा. त्याला आजूबाजूचं आकाश भरपूर दिसायला हवं, म्हणजे पट कमी. आठ बाय चाळीसच्या आसपासची एक बेताची दुर्बीण आली. काकींनी वर्तुळं बघितली, चांदणी एकच दिसते का बघितलं, दोन नळ्यांमधलं अंतर मालकांच्या डोळ्यांच्या मापाने उघडून बघितलं, आणि म्हणाल्या, “दिसायला साधी हाय. टिकंल.”

मार्गशीर्षातली अमावास्या होती. गावातले दिवे नकोत म्हणून आम्ही तिघे ओळखीच्या रिक्षाने काकींच्या माहेरच्या रानात गेलो. दिवेलागण होऊन गेली होती. शाळू कमरेला आला होता, वाऱ्याने पानं सळसळत होती. काकींनी बांधाशेजारी ताडपत्री अंथरली, मालक तिच्यावर उताणे झोपले. थोड्या वेळात अंधार इतका भरला की आमची तोंडं गेली, नुसते आवाज उरले. आकाश मात्र खाली खाली येत राहिलं. मी झोपेचा भोक्ता, उभ्या आयुष्यात एवढे तारे एका वेळी बघितले नव्हते. आपण जमिनीवर पडलो आहोत की कुठे तरंगतो आहोत, असं वाटायला लागलं.

देवयानी बघायची होती. आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा दुसरा तारकांचा थवा, पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब. मी आधी बघितलं. काही नाही. “सरळ बघू नगा,” मालक खालून म्हणाले. “जरा बाजूच्या चांदनीकडं बघा, आन् दम धरा.” मी बाजूला बघितलं आणि कडेला काहीतरी उमटलं. कुणी काचेवर श्वास सोडावा तेवढंच. बघायला गेलो की नाही, सोडून दिलं की आहे.

मग मालकांनी दुर्बीण घेतली. त्यांना वाट दाखवणाऱ्या चांदण्या दिसत नव्हत्या, म्हणून काकींनी त्यांच्या मनगटांना धरलं. शर्मिष्ठेची पाच चांदण्यांची वाकडी रांग काकींनी आठवडाभर पाठ केली होती. “वर. आनखी वर. आता जरा माझ्याकडं. हां, ऱ्हावा.”

लांब कुठेतरी मोटार चालू झाली, पाणी पाटात पडायला लागलं. काकींनी हळूच विचारलं, “दिसली का वो?”

“न्हाई.”

मी डोळे मिटले. मला वाटतं मी देवाला हात जोडले असतील, अंधारात कुणाला दिसतंय.

“न्हाई… थांब. थांब गं. हाय.” मालकांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “हाय! आडवी हाय, तिरकी. लांबुळकी. मधी फोडनीच्या धुरावानी दाट हाय आन् कडंला इरतीया. हाय गं, मला दिसती!”

काकींनी त्यांचं मनगट सोडलं नाही. मला त्या अंधारात त्यांचं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या ही दुर्बीण. परत पाठवू नगा.” आज अमावास्या आहे, याची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही.

वर्षभराने माझी सांगलीला बदली झाली. फोन व्हायचे. गेल्या महिन्यात साताऱ्याला काम निघालं, तसाच पुढे लोणंदला गेलो. स्टुडिओचं शटर खाली होतं. मालक वरच्या खोलीत खिडकीशी बसले होते, दुर्बीण मांडीवर. माझा आवाज ऐकून ओळखलं. मधलं आता जवळजवळ गेलंय, त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. पेपर नाही, टीव्ही नाही. ताटातलं हाताने चाचपावं लागतं. “पर देवयानी दिसती. अजून दिसती. परवाच्या अवसंला बघून आलो.”

काकी चहा घेऊन आल्या. “बघा की साहेब,” त्या हसत म्हणाल्या. “पंचवीस लाख वर्सं लांबची बाई ह्यास्नी दिसती, आन् हातभरावरची दिसत न्हाई.”

मी हसलो. मालक हसले नाहीत. त्यांनी काकींच्या आवाजाकडे तोंड केलं.

“ती परकी हाय गं,” ते म्हणाले. “तिला कडंनं बघितलं तर चालतंय. तुज्याकडं कसं कडंनं बघू? घरच्या मानसाकडं म्होरनं बघाय पायजे.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठलो नाही. काकींनी हातातला कप खाली ठेवला, भिंतीजवळची खुर्ची उचलली आणि मालकांच्या उजव्या अंगाला, जरा पुढे आणून ठेवली. तिच्यावर बसल्या, पदर सारखा केला.

“मंग मीच कडंला येती,” त्या म्हणाल्या. “आता बघा.”

मालक समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. हलले नाहीत. चहावर साय धरली.

“केस लय पांढरं झालं की गं तुजं,” ते म्हणाले.